घाटात दम तोडते, सकाळी थरथरते: म्हणून लगेच इंजिन खोलायचं का?

ओतूरच्या एका वाचकाचं पत्र आलंय, चांगलं चार पानी आहे, सगळं इथे देत नाही, कामाचं तेवढं सांगतो. २००७ ची डिझेल पिकअप, चार सिलिंडर, रोटरी पंप (टाकीतलं डिझेल ओढून नोझलला दाबाने देणारा जुन्या पद्धतीचा पंप). किलोमीटरचा काटा ३ लाख २० हजारावर बंद पडला तो तसाच आहे. भाजीपाला भरून रात्री कल्याणला जातात आणि सकाळी जवळपास रिकामी गाडी घेऊन मालशेज चढून परत येतात. श्रावणापासून गाडीचं बिनसलंय. घरून निघताना सेल्फ लांबवर मारावा लागतो, मग गाडी अंगात आल्यासारखी थरथरते, पांढरा धूर, डोळे चुरचुरतात, पाच मिनिटांनी शांत. आणि येताना घाट अर्धा चढला की रेस पूर्ण दाबूनही गाडी ओढत नाही, "नुसती मेल्यासारखी होते, धूरबिर काही नाही", बाजूला घेऊन दहा मिनिटं थांबलं की परत चालते. अ‍ॅव्हरेज १२ चं ९ वर आलंय. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर झाले, एक नोझल (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा सोडते ती) नवीन टाकली. फिटर म्हणतो इंजिन काम काढा, सत्तर हजार. मेहुणे म्हणतात विकून टाका. मुलगा म्हणतो टाकीत टाकायचं औषध मिळतं ते टाकू. "तुम्ही सांगाल तसं करतो" असं शेवटी लिहिलंय.

दादा, आधी माझ्याबद्दल एक सांगून ठेवतो म्हणजे नंतर तुम्ही म्हणायला नको. मी बावीस वर्षं पंप-नोझलच्या कामात आहे, त्यामुळे मला जिकडेतिकडे डिझेलचाच दोष दिसतो, जसं इंजिनवाल्याला जिकडेतिकडे रिंग-पिस्टन दिसतं. हे गृहीत धरून माझं ऐका. पण तुमच्या पत्रात तुम्हीच तीन गोष्टी अशा लिहिल्यात की ते वाचून मी पत्नीला म्हटलं, या माणसाला सत्तर हजाराला बुडवतायत.

पहिली गोष्ट दुसऱ्या पानावर सहज लिहून गेलात, "ऑइल कमी होत नाही, रेडिएटरला पण पाणी टाकावं लागत नाही". अहो मग इंजिन काम कशाला? रिंगा गेल्या असत्या तर ऑइल प्यायली असती, धूर निळसर आला असता, ऑइलचं झाकण काढल्यावर आतून भकभक हवा मारली असती. हेड गॅस्केट गेलं असतं तर पाणी कमी झालं असतं किंवा ऑइल दुधी चहासारखं झालं असतं. यातलं काहीच नाही. बोअर घासला असता तर गाडी सकाळी वाईट, दुपारी थोडी बरी असं चाललं असतं पण घाटात दहा मिनिटं विसावा घेतल्यावर तो बोअर दुरुस्त कसा होईल सांगा बरं.

दुसरी गोष्ट, धूर. हे डिझेलवाल्या प्रत्येकाने पाठ करून ठेवावं असं माझं मत आहे. चढावर दम तोडताना काळा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण हवा कमी पडतेय, म्हणजे एअर फिल्टर, टर्बो असेल तर त्याचा फाटलेला होज, नाहीतर नोझल जास्त सोडतेय. आणि गाडी मरते पण धूरच नाही, तर जळायला डिझेलच पोचत नाहीये. तुमचं दुसरं आहे. आणि सकाळचा डोळे चुरचुरणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. डिझेलला पेट्रोलसारखा ठिणगीचा प्लग नसतो, हवा दाबून दाबून पाचशे अंशाच्या वर तापते आणि त्यात डिझेलचा फवारा गेला की पेटतो. फवारा नीट नाही किंवा एखाद्या सिलिंडरला अर्धवटच मिळाला की ते न जळता तसंच सायलेन्सरमधून पांढरं बाहेर.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि ती तुम्ही लिहूनही तुमच्या लक्षात आली नाही. "श्रावणात डिझेल फिल्टर बदलला" आणि "श्रावणापासून बिनसलं". दादा, हे दोन श्रावण एकच आहेत ना?

आता नीट ऐका. तुमच्या गाडीत टाकीपासून पंपापर्यंत डिझेल कोणी ढकलत नाही, पंप स्वतः ते ओढून घेतो, उसाचा रस स्ट्रॉने प्यावा तसं. स्ट्रॉला बारीक भोक असलं तर रस बाहेर सांडत नाही, उलट हवा आत येते. म्हणून या बाजूची गळती डोळ्याला दिसत नाही, खाली थेंब पडत नाही, फिटर बोट फिरवून म्हणतो सगळं कोरडं आहे. कोरडं असणारच. गाडी रात्री उभी राहिली की त्या भोकातून हवा आत शिरते आणि नळीतलं डिझेल हळूहळू टाकीकडे परत उतरतं. सकाळी तुम्ही सेल्फ मारता तेव्हा पंप आधी हवा गिळतो, मग डिझेल, मग परत हवा, कुठल्या सिलिंडरला मिळतं, कुठल्याला नाही, म्हणून ती थरथर. पाच मिनिटांत हवा निघून जाते आणि गाडी गरीब गाय होते. आमच्याकडे याला साधं "एअर धरते" म्हणतात.

हवा शिरते कुठून? दहात सात वेळा तिथून जिथे शेवटचा हात लागलाय. फिल्टरच्या डोक्यावर नळ्या ज्या बोल्टने बसतात त्याच्या दोन्ही अंगाला तांब्याचे वॉशर असतात, ते एकदा दाबले गेले की परत तसे बसत नाहीत, नवीनच टाकायचे असतात, आणि पाच-दहा रुपयांच्या वॉशरसाठी दुकानात कोण जातो म्हणून जुनेच बसवले जातात. नाहीतर फिल्टरची रबर रिंग मुडपलेली असते, किंवा जुनी रिंग वर चिकटून राहिली आणि त्यावरच नवीन फिल्टर चढवला. फिल्टरवर हाताने मारायचा पंप असतो ना, त्याचं रबर फाटलेलं असलं तरी हवा तिथून जाते. आणि नोझलवरून परतीच्या डिझेलच्या ज्या करंगळीपेक्षा बारीक रबरी नळ्या असतात त्या कडक होऊन तडकतात, त्याही बघा, त्या मीटरवर मिळतात.

बघायचं कसं ते सांगतो, यात काही शिकायला नको. फिल्टरपासून पंपाकडे जाणारी नळी काढून तिथे तेवढ्याच मापाची पारदर्शक नळी लावा, वीतभर पुरे, दोन्हीकडे क्लिप घट्ट, हातपंप मारून एअर काढा आणि गाडी चालू करा. सुरुवातीला चार बुडबुडे जातील, त्याचं काही नाही. पण मिनिटभरानंतरही माळेतल्या मण्यांसारखे एकामागे एक बुडबुडे येत राहिले तर हवा आत शिरतेय, वाद संपला. मग तीच नळी फिल्टरच्या अलीकडे, म्हणजे टाकीकडच्या बाजूला लावून बघा. तिथे डिझेल स्वच्छ आणि पुढे बुडबुडे, तर दोष फिल्टरच्या डोक्यात. तिथेही बुडबुडे, तर खाली चासीवरून येणाऱ्या नळीत, बहुतेक वेळा लोखंडी नळी जिथे क्लिपमध्ये घासते तिथे गंजून सुईएवढं भोक पडलेलं असतं. पावसाळ्यात चिखल बसतो त्या क्लिपमध्ये. तपासणी झाली की ती पारदर्शक नळी काढून मूळची लावा, ती इंजिनच्या उष्णतेने कडक होऊन फुटते.

आता घाट. तुम्ही लिहिलंय जाताना भरलेली गाडी कधी त्रास देत नाही आणि येताना रिकामी असूनही देते, याचं तुम्हाला आश्चर्य वाटतंय. मला नाही वाटत. जाताना मालशेज उतरायचा असतो दादा, भरलेली गाडी उतारावर स्वतःच पळते, तुम्ही ब्रेकवर असता, डिझेल लागतं किती? येताना मुरबाड, टोकावडे मागे पडलं की मग खरी ओढ लागते, मिनिटाला जास्त डिझेल पाहिजे, तेव्हाच कमी पडतं. आणि थांबल्यावर परत चालते, हे तर टाकीतल्या कचऱ्याचं अगदी ठरलेलं लक्षण. टाकीत तळाला गाळ, शेवाळासारखी बुळबुळीत साय, पॅकिंगचे तुकडे असं काय काय असतं. पंप जोरात ओढतो तसं ते येऊन टाकीतल्या नळीच्या तोंडाला असलेल्या जाळीवर बसतं, तोंड चोक. गाडी बंद केली की ओढ संपते, कचरा परत खाली बसतो, दहा मिनिटांनी रस्ता मोकळा.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. ९९ साली वडिलांच्या टेम्पोला हाच आजार होता, तेव्हा मी या धंद्यात नव्हतो. एकाने इंजिन खोललं, रिंग, लायनर, सगळं नवीन, वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढलं त्यासाठी. इंजिन छान झालं. पहिल्याच फेरीला चढावर टेम्पो परत तिथेच उभा. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने टाकी उतरवली आणि उलटी केली, तर आतून फडक्याचा बोळा पडला, आमच्याच जुन्या चौकटीच्या शर्टाचा, मी ओळखला तो शर्ट. कधीतरी टाकीचं झाकण हरवलं होतं तेव्हा बोळा कोंबला होता, तो आत गेला आणि कोणाच्या ध्यानातच नाही. त्या मिस्त्रीने टाकी धुवायचे पन्नास रुपये घेतले.

तर तुम्ही काय करायचं, पुढच्या वेळी घाटात गाडी मेली की आधी गाडी रुंद जागेत कडेला घ्या, चाकाला दगड लावा, धुकं असेल तर हा उद्योग अजिबात करू नका. मग इंजिन चालू असतानाच डिझेल टाकीचं झाकण हळू सैल करा आणि कान द्या. फुस्स करून हवा आत ओढली गेली आणि लगेच गाडीत जीव आला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, टाकीत हवा जायला वाट नाही म्हणून डिझेल येत नाही. झाकण रॉकेलने धुवा, सुईने भोक मोकळं करा, झालं. असं काही झालं नाही तर घरी येऊन टाकीकडून येणारी नळी फिल्टरपाशी सोडवा, झाकण काढून ठेवा, आणि पंक्चरवाल्याकडून थोडी हवा उलटी मारा, थोडी बरं का, ट्रकच्या टायरला मारतात तशी नाही. टाकीत गुळगुळ आवाज आला पाहिजे. त्यानंतर गाडी दोन-चार फेऱ्या चांगली चालली आणि मग परत मेली, तर टाकी उतरवून धुवा आणि जाळी बदला, दुसरा उपाय नाही. औषधाच्या बाटलीने गाळ जात नाही, मुलाला सांगा ते पैसे डिझेलमध्येच घाल.

आणि ही दोन दुखणी वेगळी वाटतात पण बघा, नळी एकच आहे. जाळी चोक झाली की पंपाला जास्त जोराने ओढावं लागतं, आणि जेवढी ओढ जास्त तेवढी त्या खराब वॉशरमधून हवा जास्त. म्हणून दोन्ही एकदमच करा, एक करून दुसरं ठेवलंत तर निम्माच फरक पडेल आणि तुम्ही म्हणाल पंपवाल्याने थापा मारल्या.

फिल्टरच्या खालचा स्क्रू सैल करून काचेच्या ग्लासात थोडं डिझेल काढा, हेही त्याच दिवशी. अर्धा तास ठेवून द्या. पाणी असेल तर तळाला वेगळं दिसतं, डिझेल हलकं असतं ते वर. ट्रॅक्टरच्या बॅरलमधून गाडीत डिझेल टाकत असाल तर पाणी हमखास निघणार. पाणी पंपाला आणि नोझलला विष आहे, आमच्या दुकानात गंजलेले पंप येतात ते बहुतेक बॅरलवाल्यांचेच.

हे सगळं करूनही सकाळची थरथर राहिली तर मग चारातला कुठला सिलिंडर काम करत नाही ते शोधायचं. सोपी पद्धत, थंड गाडी चालू करून दोन-तीन मिनिटं थोडी रेस ठेवा आणि सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर, जिथे चार फांद्या निघतात तिथे, एकेक थेंब पाणी टाका. तिन्हीवर चर्र होईल आणि एकावर थेंब तसाच बसून राहील, तो तुमचा आळशी सिलिंडर. बोट लावून बघू नका. दुसरी पद्धत फिटरची आहे, इंजिन चालू ठेवून नोझलच्या पाइपचा नट एकेक करून अर्धा आटा सैल करायचा. ज्याचा सैल केल्यावर इंजिनचा आवाज पडतो तो सिलिंडर चांगला, ज्याचा सैल करून काहीच फरक नाही तो आधीपासूनच मेलेला. पण हे फिटरकडूनच करून घ्या आणि त्यालाही चष्मा घालायला सांगा. त्या पाइपमध्ये दोनशे बारच्या वर दाब असतो, तुमच्या टायरमध्ये जेमतेम चार. तो बारीक फवारा कातडीतून आत जातो, वरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं, दुखतही नाही फारसं, आणि हात कापायची वेळ येते. असं झालं तर हळद लावून बसायचं नाही, त्याच मिनिटाला मोठ्या दवाखान्यात. आणि हे फक्त जुन्या पंपाच्या गाडीला. कॉमन रेलच्या, म्हणजे नव्या पद्धतीच्या डिझेल गाडीचा पाइप चालू इंजिनवर कोणीही, कधीही सैल करायचा नाही, तिथे दाब याच्या कितीतरी पट असतो.

मेलेला सिलिंडर तोच निघाला जिथे नवीन नोझल टाकलीय, तर मला आश्चर्य वाटणार नाही. चारमधली एकच नोझल बदलणं म्हणजे बैलजोडीतला एकच बैल बदलणं, एक तरणा एक म्हातारा, नांगर वाकडा जाणारच. चारही नोझल काढून टेस्टिंग मशीनवर लावा, चौघांचा दाब सारखा पाहिजे, फवारा धुक्यासारखा पाहिजे, थेंब गळता कामा नये. मशीनवर समोर उभं राहून स्वतः बघा, कोणी दाखवत नसेल तर दुसरीकडे जा. आणि नोझल काढली की तिच्या खालचा तांब्याचा वॉशर पण काढायचा, तो बऱ्याचदा हेडमध्येच चिकटून राहतो आणि त्यावर दुसरा बसतो, मग नोझल उंच बसते, फवारा चुकीच्या जागी पडतो. नोझलच्या भोवती डांबरासारखं काळं जमलंय का बघा, असेल तर तिथून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गळतंय.

नोझलही बरोबर निघाल्या तर टॅपेट, म्हणजे हवा-धुराच्या व्हॉल्व्हवरची फट. इतक्या किलोमीटरला टॅपेट कधी बघितलं होतं का आठवतं का? व्हॉल्व्ह घट्ट राहिला की पूर्ण बंद होत नाही, दाब निसटतो. तासाभराचं काम आहे, गेज लावून कंपनीच्या मापाने करायचं, अंदाजाने नाही. हेही झालं आणि तरीही एक सिलिंडर मेलेलाच, मग कॉम्प्रेशन टेस्ट करा. डिझेलला चांगल्या इंजिनात साधारण ४०० पीएसआयच्या आसपास येतं, पण आकड्यापेक्षा चारमधला फरक बघा. तीन सारखे आणि एक खूपच खाली, तेव्हा मात्र फिटर बरोबर, हेड काढावंच लागेल. तरी आधी हेड, लगेच पूर्ण इंजिन नाही.

इंजिन माउंटिंगचं रबर पण एकदा बघून घ्या, ते फाटलं की इंजिन निरोगी असून गाडी हलते. पण मग ती पाच मिनिटांनी थांबली नसती, म्हणून तुमच्याकडे मला तो संशय कमीच आहे.

अ‍ॅव्हरेजचं म्हणाल तर ते सगळं या एका कारणावर ढकलू नका. गळकी नोझल थोडं खाते, हे खरं. पण गाडी घरी आली की चारही चाकांच्या डिस्कजवळ हात नेऊन बघा, लावायचा नाही, नुसती धग बघायची. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर ब्रेक धरून राहिलाय आणि तुम्ही ब्रेक लावूनच मालशेज चढताय.

विकण्याचं मेहुण्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही, गाडी जुनी आहे, दरवर्षी पासिंगला उभी करायची, खर्च आहेच. पण आजारी गाडी विकायला काढली की घेणारा पहिला सेल्फ सकाळी मारून बघतो आणि तिथेच तीस हजार पाडून मागतो. आधी नीट करा, मग विकायची की ठेवायची ते ठरवा.

तर आधी वॉशर, रबर रिंग आणि ती पारदर्शक नळी. जमलं तर मंगळवारी वगैरे, ज्या दिवशी फेरी नसेल तेव्हा करा म्हणजे घाई होणार नाही, आणि बुडबुडे फिल्टरच्या अलीकडे दिसले की पलीकडे तेवढं मला कळवा. आणि हो, फिल्टर ज्याने बदलला त्याच्याशी भांडायला जाऊ नका, गावात राहायचंय.